अर्धं पाऊल उशिरा

उजव्या बाजूला पळताना कंबर अर्धं पाऊल उशिरा वळते. जुन्या वहीतली नोंद, सात वर्षांपूर्वीची.

यंदा बटाट्याच्या सॅलडमध्ये अंडी नकोत, डॉटीला सोसत नाहीत. खाणावळीच्या दारावरची चिठ्ठी.

केशरी स्कर्ट, चुण्यांचा, आखूड. घालणारा पुरुष, वय चोपन्न.

बत्तीस संघ, अठरा आठवडे, तीन रंगीत पेन्सिली.

"कोच, माझ्या पोराला इथं कुणी मारणार नाही ना?" मैदानाच्या कुंपणापाशी एका आईने विचारलेला प्रश्न. अकरा वर्षं झाली.

"अरे घे की लवकर! माझी नात लग्नाला येईल तोवर!"

ओरडली ती शाळेची बस चालवणारी डॉटी फॅन्ट. ऑगस्टचा शेवटचा रविवार, दुपारचे दोन. शाळेच्या खाणावळीत दहा माणसं, मांसाचे गोळे आणि बिनअंड्याचं सॅलड. भिंतीवर मोठा कागद, त्यावर दहा नावं आणि पुढे रिकाम्या चौकटी. अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या, व्यावसायिक संघांतले खेळाडू आळीपाळीने निवडायचे, आणि मोसमभर त्यांनी मैदानावर जे गुण मिळवले ते आपले म्हणायचे, असा हा खेळ. जो शेवटचा येईल त्याने पुढच्या वर्षी, शाळेच्या पहिल्या सामन्याला, तो केशरी स्कर्ट घालून हॉटडॉग विकायचे.

व्हर्लिन स्टकी लागोपाठ दोन वर्षं शेवटचा आला होता. शाळेचे बॉयलर सांभाळणारा माणूस, आणि संध्याकाळी पोरांना बचाव शिकवणारा, बिनपगारी. ज्या पोरांना तो "मान वर ठेवा" म्हणून दटावायचा, त्यांनीच त्याच्या उघड्या पोटऱ्यांचे फोटो काढले. परवाच्या शुक्रवारीही काढले. त्या फोटोंत व्हर्लिन हसतोय. घरी जाऊन बायकोशी दोन दिवस बोलला नव्हता, ते फोटोत नाही.

म्हणून यंदा उन्हाळाभर त्याने तक्ता केला. बाकीचे मासिकं वाचून नावाजलेले रिसीव्हर उचलतात. रिसीव्हर म्हणजे पळत जाऊन चेंडू झेलणारा. पण त्याच्या अंगाला सावलीसारखा चिकटून झेल तोडणारा एक कॉर्नरबॅक समोर असतो, त्याचा विचार कोण करतो? व्हर्लिनने केला. कुठल्या आठवड्यात कुठल्या झेलणाऱ्यापुढे कोण उभा राहणार, एकेक जोडी लावली. समोरचा पक्का असेल तर लाल. बेताचा असेल तर पिवळा. कच्चा असेल तर हिरवा. रंग छापील आकड्यांवरून दिले.

एक सोडून.

"ऑर्विल टिब्स," व्हर्लिन म्हणाला.

"कोण?" व्यायामशिक्षक बर्क होल्टग्रेनने तोंडातला घास थांबवला. "टिब्स? तो अजून खेळतो? मला वाटलं मेला."

"चौथ्याच फेरीत टिब्स! व्हर्लिन, स्कर्टची सवय लागली का रे तुला?" डॉटी म्हणाली, आणि खाणावळ खदाखदा हसली.

रेनिटा प्रुइट मात्र हसली नाही. खाणावळीची मुख्य स्वयंपाकीण तीच, आणि या खेळाची पंचही तीच. तिने टिब्सच्या नावाची चिकटपट्टी शोधून व्हर्लिनच्या चौकटीत लावली. "कोचनी काहीतरी बघितलं असेल," ती म्हणाली. "उगीच नाही घेणार."

पाचव्या फेरीत व्हर्लिनने जरेल हॉक्सी घेतला. सहाव्यात व्हीलस. आता बर्क हसेना. तो उठला, सॅलड वाढून घ्यायच्या निमित्ताने मागून आला, आणि व्हर्लिनच्या कोपराखालचा तक्ता त्याने सर्रकन ओढला.

"दे इकडं, बर्क."

"थांब रे, बघू तर दे उन्हाळाभर काय शिजत होतं. अरे वा, रंगीबेरंगी! टिब्स, पहिला आठवडा, समोर टे. प्रु., हिरवा. हॉक्सी, तिसरा आठवडा, टे. प्रु., हिरवा. व्हीलस, पाचवा आणि बारावा, टे. प्रु., हिरवा, हिरवा, शिवाय दोनदा अधोरेखित." बर्क मोठ्याने वाचत होता, आणि वाचता वाचता त्याचा आवाज आपोआप खाली आला. "टे. प्रु. म्हणजे..."

टेव्हियन प्रुइट. याच शाळेचा, याच मैदानावरचा. अकरा वर्षांपूर्वी, तेराव्या वर्षी, आईने कुंपणापाशी आणून व्हर्लिनच्या हाती दिलेला, आणि आता त्या बत्तीसांतल्या एका मोठ्या संघात दुसऱ्या वर्षी पहिल्या फळीत उभा राहणारा कॉर्नरबॅक. रेनिटाचा मुलगा.

रेनिटाच्या बोटाला व्हीलसची चिकटपट्टी तशीच लोंबत होती.

"कोच, त्याचे आकडे तर चांगले आहेत," ती म्हणाली. "मागच्या वर्षी चार सामने खेळला, एकही झेल डोक्यावरून जाऊ दिला नाही त्यानं. मग हिरवा कशावरून?"

कशावरून ते व्हर्लिन सांगू शकत नव्हता. अकरावीत टेव्हियनच्या मांडीचा स्नायू फाटला होता. तेव्हापासून समोरच्याने आत शिरायची हूल देऊन उजवीकडे धाव घेतली की त्याची कंबर अर्धं पाऊल उशिरा वळे. ते झाकायला पावलं कशी टाकायची, हे व्हर्लिननेच त्याला घोटून घोटून शिकवलं. मोठ्या संघाच्या लोकांनाही ते दिसलं नव्हतं. दोघांनाच ठाऊक होतं. दहा माणसांसमोर बोललं तर उद्या गावभर, आणि परवा कुठवर जाईल कोण जाणे. न बोलावं तर पोर उगीचच कच्चं ठरत होतं, तेही कोचच्या सहीने.

"आकडे तसं सांगतात," तो म्हणाला.

"कुठले आकडे?"

"असेच. अंदाज."

स्कर्ट घालून उभं राहिलं तेव्हा पोटऱ्याच उघड्या पडल्या होत्या. आज कातडीच सोलल्यासारखं झालं.

"रेनिटा, व्हीलस राहू दे. मी दुसरा घेतो."

"निवड झाली ती झाली, कोच. नियम सगळ्यांना सारखा." तिने चिकटपट्टी चौकटीत लावली आणि बुडबुडा राहू नये म्हणून अंगठ्याने चारी कोपरे दाबले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दरवर्षी या वेळी वाजायचाच. पडद्यावर टेव्हियन, घामाघूम, खांद्यावर टॉवेल.

"काय म्हणतीय मंडळी? डॉटीकाकू, बसला ब्रेक आले का?"

"तू गेल्यापासून लागतच नाहीत रे!" डॉटी म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

"आई, माझ्यासमोर खेळणाऱ्याला कुणी घेतलं नाही ना? घेतला असेल तर सांग त्याला, पैसे पाण्यात." तो दिलखुलास हसला. "कोच कुठायत? कोच, तुम्ही सांगा त्यांना!"

रेनिटाने फोन व्हर्लिनकडे वळवला नाही. भिंतीवरचा कागद दिसू नये म्हणून ती एक पाऊल बाजूला सरकली.

"कुणी नाही घेतलं रे," ती म्हणाली. "कोच हात धुवायला गेलेत. जेवलास का तू?"

व्हर्लिन तिच्यापासून चार फुटांवर बसला होता. मायलेकांचं बोलणं संपेपर्यंत तो तसाच, नसल्यासारखा बसून राहिला.

निवड संपली, मंडळी पांगली. बर्कने जाताना तक्ता घडी घालून टेबलावर ठेवला. "तसा वाईट नाहीये तक्ता," एवढंच म्हणाला आणि गेला. व्हर्लिन टेबलं पुसायला थांबला. रेनिटा नळाखाली मोठी पातेली घासत होती.

"खरंच आहे ना काहीतरी?" तिने पाठमोरीच विचारलं.

"आहे."

"पायात?"

"वळण्यात."

"त्याला माहीत आहे?"

"त्याला माहीत आहे."

तिने नळ बंद केला. "सुधारता येतं का, कोच?"

"येतं. दोन आठवडे रोज घोटून घेतलं तर येतं."

"मग?"

व्हर्लिन पुसलेलंच टेबल पुन्हा पुसू लागला. उरलेले मांसाचे गोळे रेनिटाने डब्यात भरले, झाकण घट्ट लावलं, आणि दरवर्षीसारखा तो डबा त्याच्या टोपीशेजारी ठेवला.

जूनच्या दहा तारखेला, तक्ता नुकताच सुरू झाला होता तेव्हा, टेव्हियनने व्हर्लिनला फोन करून विचारलं होतं, दोन आठवडे गावी येतो, ते वळणं एकदा नीट करून घ्याल का? बॉयलर दुरुस्तीला उघडलेत, जरा उसंत नाही, असं व्हर्लिनने सांगितलं. बॉयलर जुलैत उघडले.