नळाला चढलेला गंज

बंबवाल्यांची लाज हेच कॅप्सूलवाल्या सरांचं भांडवल. गोदामाची आग विझून वर्ष लोटलं, तरी घंटा वाजली की अग्निशमन केंद्रातल्या निम्म्या गड्यांना घाम फुटायचा. मनाच्या डॉक्टरकडे जावं, तर लोक वेड्यात काढणार. सरांकडे नुसती कॅप्सूल गिळायची, बोलायचं काहीच नाही. असं गिऱ्हाईक जन्मात सुटत नाही, हे सर पुरते ओळखून होते. त्यांनी कुठल्याच शाळेत शिकवलं नव्हतं. पण गळ्यात टाय म्हटल्यावर 'सर' व्हायला कितीसा वेळ लागतो?

त्या दुपारी सरांच्या प्रयोगाला बंबांच्या शेडमध्ये मुंगीला शिरायला वाट नव्हती. अक्का इस्पितळाच्या धुलाईघरातून ॲप्रनसकट आली होती. तिचा धाकटा भाऊ, केंद्रातलाच बंबवाला, पहिल्या रांगेत होता. त्या आगीत एका माणसाचा हात धाकट्याच्या हातून निसटला होता. तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली तरी तो टेबलाखाली शिरायचा. दर बुधवारी तो इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंपुढे थोडं थोडं बोलू लागला होता. गोष्ट त्या हातापाशी आली, आणि नेमके सर भेटले. सात बुधवार बुडाले. उद्याचाही बुडाला, तर बाई त्याची वेळ दुसऱ्याला देणार होत्या.

"या, फुंका!" सर म्हणाले. धाकट्याने नळीने ग्लासातल्या पाण्यात फुंकर घातली. सरांनी बाटलीतले चार थेंब टाकले. पाणी तपकिरी झालं.

"हा बघा भीतीचा गंज! मेंदू म्हणजे तरी काय हो? लोखंडच!"

"तरीच डोकं जड असतं," मागून कुणीतरी म्हणालं.

सरांनी कॅप्सूल फोडून भुकटी ढवळली. पाणी पुन्हा नितळ! शेडभर टाळ्या पडल्या.

"अँटिऑक्सिडंट! डॉक्टर नको, रडारड नको!"

अक्काचं नाक मात्र केव्हाच हुंगू लागलं होतं. वीस वर्षं ती ज्या वासाच्या चादरी धूत आली, तोच हा वास.

"सर, एक ग्लास मला द्या हो."

"या ना ताई! तुम्हीही फुंका."

"मी नाही फुंकत." तिने कोपऱ्यातल्या नळाचं पाणी घेतलं आणि सर 'अहो, अहो' करेपर्यंत त्यांच्याच बाटलीतले चार थेंब त्यात सोडले. पाणी तपकिरी.

"अगं बाई! नळालाही धक्का बसला की काय? बिचारा कुठल्या आगीवर गेला होता?"

शेडभर हशा पिकला. सर मात्र ताठ झाले. "ताई, हे विज्ञान आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"विज्ञान नसेल कळत, डाग कळतात. हे जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध. रोज चादरींवर सांडतं." अक्काने ॲप्रनच्या खिशातून जीवनसत्त्व सी-ची आंबट गोळी काढली, चुरून पाण्यात टाकली आणि ढवळली. पाणी नितळ. "डाग आम्ही असाच घालवतो. चादरी काही भीतीतून बऱ्या होत नाहीत!"

"पण कॅप्सूलच्या पत्रकावर छापलंय, पूरक आहे म्हणून!" सर म्हणाले.

"पूरक म्हणजे जोडीला. मूळ उपचार कुठाय? तो तर तुम्ही सोडायला लावलात!" ती गड्यांकडे वळली. "बंबावर जोडीदार येतो म्हणून पाण्याचा पाइप घरी ठेवून जाता का रे?"

धाकटा उठला. "अक्का, मला बरं वाटत होतं गं."

"बरं वाटत होतं, की बोलावं लागत नव्हतं?"

त्याने मान खाली घातली. मग ग्लास उचलून त्याने ते नितळ पाणी सरांच्या पायाशी ओतलं. "तुमचा गंज तुम्हीच न्या."

बुधवारी तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. कॅप्सूलचं त्यानेच विचारलं. बाई म्हणाल्या, "अशा गोळ्यांवर अभ्यास चालू आहेत, पण ठाम पुरावा अजून नाही. घ्यायचीच तर मला दाखवून, जोडीला घे. उपचाराऐवजी नको." एवढं साधं होतं. कुणी चमत्कार दाखवला, तर त्याच्याच बाटलीतले चार थेंब नळाच्या पाण्यात टाकून बघावेत. यासाठी शिकलेलं असावं लागत नाही, भीड सोडावी लागते.

मग त्या हाताची गोष्ट निघाली. बाहेर बाकावर बसलेल्या अक्काला भावाचं मोठ्याने रडणं ऐकू आलं, आणि तिने आपले भरलेले डोळे पुसले नाहीत.

सर दुसऱ्या गावी गेले. त्यांचं गेलं काय? एक ग्लास, तोही नळाशी विसरलेला. धाकट्याचे सात बुधवार गेले. ते कुठल्याच गोळीने भरून येत नाहीत.