चुकलेली गोळी

“ही गोळी गेली कुठे?” फिटरकाकांनी पडद्यावर बोट ठेवलं.

संगणकावरच्या विमानांच्या खेळातली गोळी शत्रूला लागली नव्हती आणि जराशा अंतरावर चक्क नाहीशी झाली होती.

“संपली, काका,” प्रोग्रामर मुलगी म्हणाली. “साहेबांनी सांगितलंय, गोळी सरळ जाऊ दे आणि हजार मीटरवर संपू दे. खाली वाकली की नेम चुकतो, खेळणारे वैतागतात.”

“वैतागू देत! नळीतून सुटल्याबरोबर गोळी खाली यायला लागते. पहिल्या सेकंदातच पाच मीटर. आणि संपते म्हणजे? साबणाचा फुगा आहे का?”

तीस वर्षं काकांनी हवाई दलात फिटर म्हणून लढाऊ विमानांत गोळ्या भरल्या होत्या. निवृत्तीनंतर या कंपनीने सल्ल्यासाठी बोलावलं, तेव्हा ते हरखून गेले होते.

आवाज ऐकून साहेब आले. “काका, खेळ आहे हो! चुकलेली गोळी कोणाला लागणार आहे?”

काकांच्या अंगाची लाही लाही झाली.

“कोणाला? सरावात आमच्या गोळ्या चुकल्या, टेकडीपलीकडे गेल्या. चार किलोमीटरवर एक बाई अंगणात कपडे वाळत घालत होती. जागच्या जागी गेली. वेग कमी झाला तरी माणूस मारण्यापुरता उरतो, साहेब! आणि चौकशीत काय लिहिलं? इतक्या लांब गोळीत जोर राहत नाही, तेव्हा ती आमची नव्हेच म्हणे. खाली सही माझी. नोकरी जाईल म्हणून घाबरलो.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “वाईट झालं. पण आता बदल करायला वेळ नाही. खेळाच्या शेवटी ‘गोळीबार खराखुरा’ असं तुमच्या नावानिशी येणार आहे. तेवढी या कागदावर संमती द्या.”

“पुन्हा खोटी सही? जमणार नाही. नाव काढा माझं.”

“जशी मर्जी,” म्हणत साहेब निघून गेले.

मुलीने खेळाच्या शेवटी येणाऱ्या नावांची यादी उघडली. “खरंच काढू?”

“माझ्यासमोर काढ.”

तिने एकेक अक्षर खोडलं. मग हळूच विचारलं, “काका, त्या बाईंचं नाव काय होतं?”

काका आठवत राहिले. चौकशीच्या कागदावर विमानाचा नंबर होता, गोळ्यांची संख्या होती, अधिकाऱ्यांची नावं होती.

“कोणी लिहिलंच नव्हतं गं,” ते म्हणाले. “मीसुद्धा विचारलं नाही.”