सात मिनिटांची चादर

प्राध्यापक दादासो शिरगुप्पे यांच्या ग्रामीण मजुरीवरील प्रबंधात ‘श्रमाचे न्याय्य मोल’ हे शब्द एकोणतीस वेळा आले होते. रंकाळ्याच्या काठी खैरुनबीच्या हातचा चहा पिताना मात्र त्यांना त्यांतला एकही आठवला नाही. चहा गोड होता, कप नव्या बशीत होता आणि बसण्यासाठी अंथरलेले पोतेसुद्धा धुऊन वाळवलेले होते. इतका मान त्यांना त्यांच्या विद्यापीठातही क्वचितच मिळे.

ही १९७४ सालच्या मार्चमधली गोष्ट. पन्हाळ्यावर हंबीररावांचा आठ खोल्यांचा बंगला होता. उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या सुटीत मुंबई-पुण्याची मंडळी तो दिवसाच्या भाड्याने घेत, थंड हवा खात आणि जाताना मळक्या चादरी मागे ठेवून जात. त्या चादरींची गाठोडी एस.टी.च्या टपावरून कोल्हापुरात उतरत, खैरुनबी त्या धुऊन, खळ घालून, इस्त्री करून तिसऱ्या दिवशी परत पाठवी. चादरीमागे पस्तीस पैसे असा दर होता. तो कोणी ठरवला याचा कागद नव्हता. खैरुनबीची सासू आणि हंबीररावांचे वडील एकदा तासभर भांडले होते आणि भांडून दोघेही थकले तेव्हा जो आकडा हवेत उरला, तोच पुढे चालू राहिला.

हंबीररावांना अशा आकड्याची आता लाज वाटू लागली होती. दादासोंच्या कॉलेजच्या कार्यकारिणीवर ते होते, त्यामुळे शास्त्र कोठे मिळते हे त्यांना ठाऊक होते. मला कुणाशी भांडायचे नाही, असे ते दादासोंना म्हणाले. तुम्ही शास्त्राने दर काढून द्या, आकडा आला की बोलणेच मिटले.

दादासोंनी दोन दिवस आधी निरोप धाडला होता. ते पोचले तेव्हा भट्टी उतरवून झाली होती. सोड्याच्या वाफेत रात्रभर शिजलेल्या चादरींचा ढीग दगडाशेजारी पडला होता आणि काही अंतरावर खैरुनबीच्या दोन जावा पदर डोक्यावर ओढून बसल्या होत्या. गुडघ्यापर्यंत त्या भिजलेल्या होत्या. त्यांच्या बोटांच्या कातड्याला सुरकुत्या पडल्या होत्या. दादासोंनी हे पाहिले. मग त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून मांडीवर ठेवले आणि सुरुवात करा, असे सांगितले.

खैरुनबीने चादर उचलली, दगडावर आपटली, पाण्यात खळबळली, निळीत बुडवली, पिळली आणि दोरीवर टाकली. पन्नाशीच्या बाईचा हात इतका झपाट्याने चालतो, हे पाहून दादासोंना कौतुक वाटले.

“किती झाली, मास्तर?”

“सात मिनिटे.”

तिने जावांकडे अभिमानाने पाहिले. दादासोंनी विचारायला हवा होता असा एकच प्रश्न होता, की या दोघी कधीपासून भिजत आहेत. तो त्यांच्या ओठांपर्यंत आलाही, पण तेवढ्यात चहाचा दुसरा कप आला. वहीत त्यांनी लिहिले : निरीक्षण, एक स्त्री, एक चादर, सात मिनिटे. या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता. असत्याला इतका परीटघडीचा पोशाख फार क्वचित मिळतो.

साबण आणि सोडा पाच पैसे, कोळसा चार, नीळ आणि खळ दीड, भांड्यांची झीज एक. शेतमजुराची रोजची मजुरी तीन रुपये धरली, तर सात मिनिटांचे साडेचार पैसेही भरत नव्हते. दादासोंनी औदार्याने साडेचार धरले. एकूण सोळा पैसे. खाली तारीख, सही आणि सहीखाली पदवी.

पस्तिसाचे सोळा झाले. खैरुनबी एकदाच बंगल्यावर जाऊन आली. तिच्यापुढे चक्रमुद्रित कागद ठेवण्यात आला आणि वाचता येत नसल्याने तिला तो खोडता आला नाही. पन्हाळ्यावरच्या आणखी तीन बंगलेवाल्यांनी त्या कागदाच्या प्रती मागवून घेतल्या. हंबीररावांनी मानधन देऊ केले, ते दादासोंनी विद्वानाला शोभेल अशा नम्रतेने नाकारले आणि मे महिन्यात सहकुटुंब चार दिवस बंगल्यावर फुकट राहून आले. जूनमध्ये पुण्याच्या परिसंवादात त्यांनी ‘सेवाव्यवसायातील श्रमकालाचे मोजमाप’ हा निबंध वाचला. अध्यक्षांनी नदी-तलावाच्या काठावर घड्याळ घेऊन बसणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाचे मुक्तकंठाने कौतुक केले. टाळ्या पडत असताना दादासोंच्या डोळ्यांपुढे सुरकुतलेली बोटे आली. त्यांनी पाणी मागवले.

त्या बोटांनी नंतर पिच्छा सोडला नाही. वर्गात मजुरीचे सिद्धान्त शिकवताना ती फळ्याच्या कडेला दिसत. पावसाळा असा गेला. दिवाळीच्या सुटीत, बंगले भरलेले असताना, एका सकाळी दादासो निरोप न धाडता रंकाळ्यावर गेले. काय दिसणार हे त्यांना माहीत होते. माहीत असलेली गोष्ट सिद्ध करायला माणूस इतका उशीर का लावतो, यावर कोणत्याही ग्रंथात समाधानकारक विवेचन नाही.

ते दूर कठड्यावर बसले. धाकटी जाऊ नजीरा भट्टीखाली जळण सारत होती, मधली वाफाळलेल्या चादरी काढून पाण्यात तुडवत होती, खैरुनबी दगडाशी होती. दादासोंनी तीन तास मोजले. तिघींचे श्रम आणि इस्त्रीचा वेळ मिळून एका चादरीला चाळीस मिनिटे. त्यांचे पंचवीस पैसे, इतर खर्च साडेअकरा, एकूण साडेछत्तीस. निरक्षर सासूने भांडून मिळवलेला दर शास्त्रापेक्षा दीड पैशाने कमी होता, तोही हंबीररावांच्या वडिलांच्या फायद्याचा.

ते उठून तिच्याकडे गेले. त्या दिवशी या दोघी पहाटेपासून राबत होत्या हे तुम्ही मला का सांगितले नाही, असे त्यांनी विचारले. खैरुनबीला प्रश्नाचेच नवल वाटले.

“अवो, पावणं येनार म्हनून सांगावा आलता. पावणं दारात आल्यावर मसाला वाटाय बसतंय व्हय कोन? आदी उरकून ठेवतूय की आपन.”

“मग दर उतरला तेव्हा तरी सांगायचं.”

“काय सांगू? सात मिन्टात धुतली न्हाय म्हनू? तुमच्या म्होरंच धुतली की.” ती हसली. “ही नजीरा रोज टोमणा मारती. लय हात चालवून दाखवलास, आता भोग म्हनती. माझीच चूक हाय, मास्तर. तुमी बघितलंसा ते लिवलंसा.”

लिहिले नव्हते असेही काहीतरी दादासोंनी त्या दिवशी पाहिले होते. एवढे एक वाक्य बोलायला तिथे कोणाचीही आडकाठी नव्हती. मी हंबीररावांशी बोलतो, एवढेच ते म्हणाले.

हंबीररावांनी नवा कागद शांतपणे वाचला. आवाज चढवण्याची त्यांना गरज पडत नसे.

“म्हंजे पयला आकडा खोटा?”

“अपुरा,” दादासो म्हणाले.

“पुण्यात वाचलासा, त्योच?”

तुमच्या बढतीचा ठराव पंधरा तारखेच्या बैठकीपुढे आहे ना, अशी हंबीररावांनी चौकशी केली, जशी घरच्या माणसांची करतात. मग त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवले.

“हितं लिवून द्या, सर. पयलं मोजमाप माझं चुकलं, आनि खाली सही. उद्यापास्नं साडेछत्तीस देतो. शब्द हाय माझा. वर छापून वाटतो की समद्यांस्नी.”

मागणी रास्त होती, हाच तिचा क्रूरपणा होता. तिला अन्याय म्हणता आले असते तर दादासोंना संतापाने उठून बाहेर पडता आले असते. त्यांनी पेन उचलले. ‘पहिले मोजमाप’ एवढे लिहिले आणि थांबले. पंधरा तारीख, पुण्याचे अध्यक्ष, छापून यावयाचा निबंध, सहकाऱ्यांचे मिस्कील चेहरे हे सारे त्या दोन शब्दांपुढे येऊन उभे राहिले. त्यांनी दोन्ही शब्द खोडले आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिले की, कोळशाच्या भाववाढीमुळे प्रत्येक चादरीमागे तीन पैसे वाढ देणे उचित ठरेल.

हंबीररावांनी वाचले. “कोळसा म्हागलाय खरा,” ते म्हणाले आणि लगेच सही केली.

पुढच्या रविवारी सकाळी खैरुनबी दादासोंच्या दारात आली. सोळाचे एकोणीस झाल्याचे तिला कळले होते आणि ते कोणामुळे हेही कळले होते. शालूबाईंना, म्हणजे दादासोंच्या पत्नीला, ती म्हणाली की, या घरातल्या चादरी इथून पुढे महिन्याच्या महिन्याला मीच धुणार, पैशाचे नाव काढायचे नाही. शालूबाई आधी संकोचल्या, मग आत जाऊन अंथरुणे उपसू लागल्या.

दादासो बाहेर आले. असे फुकट चालणार नाही, असे ते बऱ्याच करड्या आवाजात म्हणाले.

“गप बसा, मास्तर. तुमी नसतासा तर सोळावरच मेलो असतो आमी. मोटं लोक कोन येतंय वो आमच्यासाटी बोलाय?”

सांगायचे वाक्य त्यांच्यापाशी तयार होते. ते लहान होते आणि त्यात एकही कठीण शब्द नव्हता. त्यांनी तोंड उघडले, तेवढ्यात शालूबाईंनी उशांचे अभ्रेही द्यायचे का, असे आतून विचारले. दादासो ‘द्या’ म्हणाले, आणि आपण काय म्हणालो ते त्यांना शालूबाईंच्या बरोबरच ऐकू आले.

ढीग ओसरीवर आला. खैरुनबीने फडके पसरले आणि गाठ मारण्याआधी ती थांबली.

“मोजून द्या, मास्तर. तुमी मोजलं म्हंजे बरुबर असतंय.”

दादासो उकिडवे बसले आणि मोजू लागले. चार चादरी, सहा अभ्रे. ती वाट पाहत उभी होती. त्यांनी मान वर न करता पुन्हा पहिल्या चादरीपासून मोजायला सुरुवात केली.