कार्डावरचा गुडघा

माझा गुडघा फुटला तो मामाच्या गॅरेजसमोरच. दुरुस्त केलेली गाडी चालवून बघत होते. ब्रेक मीच बसवला होता, त्यामुळे शिव्या घालायलाही कुणी सापडलं नाही.

ऑपरेशन झालं, वाटीला तार बांधली. मोठे डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांत गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकला पाहिजे, म्हणजे खुर्चीत बसल्यावर वाकतो तेवढा. नाहीच वाकला तर भूल देऊन वाकवू. पण उशीर झाला की सांधा जखडतो, मग आमच्याही हातात काही राहत नाही.

मला नव्वदही पुरणार नव्हतं. बाकावर बूड टिकत नाही म्हणून मी नववीत शाळा सोडली. पण इंजिनासमोर सकाळपासून उकिडवी बसायचे आणि जेवायला हाक मारली तरी उठायचे नाही. घरात मला भिंगरी म्हणतात. मामानं सांगून ठेवलं होतं, पाय बरा करून ये, तुझ्या पान्यांना कुणाला हात लावू देत नाही.

व्यायामाच्या खोलीत दोघं होते. एक म्हातारे सर, त्यांना सगळे पेशंट मागून कसाई म्हणायचे. त्यांच्या पलंगावर धट्टेकट्टे बाप्ये आईच्या नावानं ओरडायचे आणि सर घड्याळाकडे बघत आकडे मोजायचे. दुसरी ताई, नवीन आलेली. मला ताई मिळाली. म्हटलं, नशीब काढलं.

पहिल्या दिवशी मी तिला अहो मॅडम म्हणाले. आठवड्यात अगं-तुगंवर आले. तिची धाकटी बहीण माझ्याएवढी असताना तापात गेली, हे तिनं माझा पाय चोळता चोळता सांगितलं. स्वतःचा नंबर दिला. मी दिवसाला दहा मेसेज टाकायचे, आई तिच्यासाठी डबा पाठवायची. एकदा सर माझ्यादेखत तिला म्हणाले, "पेशंटला बहीण केलीस, आता तिला दुखवणार कोण?" ताई नुसती हसली. ते गेल्यावर मी म्हणाले, याला कुणी डबा देत नाही ना, म्हणून जळतो.

मी ओरडले की ताई हात काढायची. राहू दे आज, म्हणायची. आणि ओरडण्यात मी कुणाला हार जाणारी नाही. खरं सांगायचं तर दुखायच्या आधीच ओरडायचे.

दर आठवड्याला ती पट्टी लावून कोन मोजायची आणि माझ्या कार्डावर लिहायची. ते कार्ड मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. चौथ्या आठवड्याला पन्नास आले. मला परत भूल नको होती, तो मास्क तोंडावर आला की जीव घुसमटतो. मी रडले. म्हटलं, ताई, सत्तर लिही ना, पुढच्या आठवड्यात भरून काढते. तिनं आधी दाराकडे बघितलं. मग सत्तर लिहिले.

एकदा सत्तर लिहिल्यावर पुढच्या वेळी पन्नास कसे लिहिणार? गुडघा होता तिथंच राहिला, कार्ड मात्र वाकत गेलं. सहाव्या आठवड्याला डॉक्टर घाईत होते. त्यांनी कार्ड बघितलं, पाय बघितला नाही. शाब्बास म्हणाले आणि दीड महिन्यानंतर बोलावलं.

दीड महिन्यानं गेले तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवलं. पाय पुढे तसाच राहिला, अडसरासारखा. त्यांनी स्वतः पट्टी लावली, परत एकदा लावली. बावन्न. कार्डावर पंच्याण्णव.

"हे कुणी मोजलं?"

ताई दारातच उभी होती. "मी," म्हणाली.

मीच रडून लिहायला लावलं, हे मला सांगता आलं असतं. शब्द अगदी ओठावर होते. पण तेवढ्यात डॉक्टर आईला सांगायला लागले की आता जोर लावून वाकवायला गेलं तर हाड मोडेल. मोठं ऑपरेशन करता येईल, पण गुडघा वाकेलच असं सांगता येत नाही. मी ओठ मिटले. आईनं ताईकडे असं बघितलं, जसा घरात चोर शिरावा आणि तो ओळखीचा निघावा.

ताईला पेशंटपासून बाजूला केलं. एकदा ती बाहेर बाकाशी भेटली. डोळे सुजलेले. म्हणाली, "अगं, शिव्या तरी दे."

"अहो मॅडम, जरा सरका," मी म्हणाले. "माझा पाय वाकत नाही."

तिनं वाट दिली. त्यानंतर दिसली नाही.

मामानं माझ्यासाठी उंच टेबल केलंय. त्यावर सुटे भाग पुसत बसायचं. गाडी काही टेबलावर चढत नाही. माझे पाने आता दुसरीच पोरगी वापरते, बरी वापरते.

पलंगावर आता कसाई सर असतात. ते दाबतात, घड्याळाकडे बघतात. मी ओरडत नाही. मग पट्टी लावतात.

"किती?" मी विचारते.

"बावन्न."

काल मी म्हणाले, सर, पंचावन्न तरी लिहा. त्यांनी चष्मा पुसला, बावन्न लिहिले आणि कार्ड माझ्या हातात दिलं. खाली अजून अकरा चौकोन रिकामे आहेत. त्यात काय येणार, ते मला आत्ताच वाचता येतं.