पिकली कुठली आणि चांगली कुठली

मी तंगडी बोलतेय. मागची, डावी. एलादियोच्या तळघरात खुराला दोरी बांधून मी बरीच वर्षं उलटी टांगलेली होते. उलटं टांगल्यावर माणसांचे चेहरे नीट दिसत नाहीत, पण बोलणं अगदी स्पष्ट ऐकू येतं.

जन्मले तेव्हा मी अर्थातच एकटी नव्हते. माझ्यापुढे अख्खं डुक्कर होतं. काळं कुळकुळीत, अंगावर केस जवळजवळ नाहीतच आणि पाय बारीक. आमच्या आईचं नाव प्रिएता. ती एका वेताला मोजकीच पिल्लं द्यायची आणि कधीकधी त्यांतल्याच एखाद्यावर बसायची. अशी अस्सल काळी डुकरीण एलादियोकडे ती एकच उरली होती.

आमचं बालपण ओकच्या रानात गेलं. झाडाखाली पडलेली ओकची टणक फळं, म्हणजे बोंडं, खायची, पुढच्या झाडापर्यंत चालायचं, परत बोंडं खायची. चालण्याचं काम माझ्याकडे होतं, खाण्याचं तोंडाकडे. यात अन्याय आहे असं मला तेव्हाही वाटे, पण ती सगळी बोंडं शेवटी माझ्याच अंगात येऊन मुरली. म्हणून तक्रार नाही.

हिवाळ्यात आमचा दिवस आला. त्याबद्दल मला फारसं बोलायचं नाही. सगळं गाव मदतीला आलं होतं आणि जेवण छान झालं म्हणतात.

मिठात मुरवून बाहेर काढल्यावर एलादियोने मला वाळून पिकायला तळघरात टांगलं, तेव्हा शेजारी आणखी एक तंगडी होती. जाडजूड, भरलेली. ती एलादियोच्या मुलीने, कासिल्दाने, बाजारातून आणलेल्या पिल्लाची. त्या पिल्लाची आई काळी, बाप तांबडा. खूर मात्र तिचाही काळा. लोक खुराकडे बघून जात ठरवतात आणि समाधानाने घरी जातात.

"बाबा, तांबड्याची पिल्लं लवकर वाढतात, वेताला भरपूर होतात," कासिल्दा म्हणायची. "तुमची प्रिएता नुसती खाते."

"ती खात नाही, साठवते," एलादियो म्हणायचा.

"मग आणूया तांबडा नर तिच्यासाठी."

"आणला होतास ना? त्याचा कान कुठेय आता?"

हे खरं होतं. आईने त्याचा कान तोडला होता.

शेवटी बापलेकीची पैज लागली. पुढच्या वर्षीच्या जत्रेत ओनोरातामावशीने दोन्ही तंगड्यांचा वास घ्यायचा. जी पिकली असेल ती कापायची आणि त्याच जातीची डुकरं घरात ठेवायची. शेजारच्या ओनोरातामावशीचं नाक गावात प्रमाण मानलं जायचं. एलादियोही तिला भांडताना सोडून एरवी मावशीच म्हणायचा.

आता माझ्यासारखीला पिकायला चार उन्हाळे लागतात हे एलादियोला बापजाद्यांपासून माहीत होतं. जत्रा दोन उन्हाळ्यांवर होती. पण त्याने छाती काढून सांगितलं, "माझी तंगडी कच्ची असली तरी जिंकेल." हट्टाला काय म्हणावं!

उन्हाळ्यात आम्हाला घाम फुटायचा. माझ्या शेजारणीची, त्या जाडजूड तंगडीची, चरबी बाहेरच्या बाहेर, सालीसारखी. माझी मांसाच्या रेषारेषांत शिरलेली. ऊन वाढलं की ती आतल्या आत वितळे, हिवाळ्यात थिजे आणि पुन्हा वितळे. हे काम घाईचं नाही. शेजारीण पटापट वाळत होती आणि माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती.

जत्रेच्या दिवशी ओनोरातामावशी आली. तिने एप्रनच्या खिशातून हाडाची बारीक सुई काढली, शेजारणीच्या अंगात खुपसली, नाकाखाली धरली. मान डोलावली. मग मला टोचलं. माझा वास तिने घेतला, परत घेतला. सुईचं भोक तिने चरबीने हलकेच बुजवलं.

"ही पिकली," ती शेजारणीकडे बोट दाखवून म्हणाली. "ती अजून नाही."

शेजारीण कापली गेली. लोकांनी मिटक्या मारल्या. एलादियोने ताट बाजूला सारलं. त्याने शपथ घेतली, पैजेपायी प्रिएता गेली तर ती गोठ्यात परत येईपर्यंत डुकराचा तुकडा तोंडात घालणार नाही. संध्याकाळी मावशी पुन्हा आली.

"ती म्हातारी डुकरीण मला दे गं कासिल्दा. सॉसेज करीन म्हणते."

"घेऊन जा मावशी. ब्याद गेली."

माझ्या आईला दोरी लावून नेलेलं मी ऐकलं. तळघराला खिडकी आहे. मला खूप वाईट वाटलं. रडायची सोय मात्र नव्हती, हिवाळा जवळ आला होता आणि माझी चरबी थिजत चालली होती.

पुढे दोन वर्षं एलादियो चीज खात राहिला आणि ओनोरातामावशी दिसली की रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागला. मी टांगलेलीच होते. मला सगळे विसरले होते, आणि माझ्या कामाला तेच हवं होतं.

चौथ्या उन्हाळ्यानंतरच्या जत्रेला पाहुणे आले आणि घरात दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून कासिल्दाने मला खाली काढलं. पातळ काप काढला. तो बोटांवरच वितळू लागला. तिने तोंडात घातला आणि सुरी खाली ठेवली.

"बाबा," ती म्हणाली, "हे काय आहे?"

"मला काय विचारतेस? मी चीज खातो."

"बाबा, चूक झाली माझी. प्रिएताला मी सॉसेज करायला दिलं."

आणि ती पाहुण्यांसमोर रडली. मग तिने मला फडक्यात गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि तडक ओनोरातामावशीकडे गेली. बाप मागून आला, कारण आता त्याला घरात राहवेना.

मावशीने कापाचा नुसता वास घेतला. "तेव्हाच कळलं होतं मला," ती म्हणाली. "सुईवरच."

"मग बोलली का नाहीस?" एलादियो ओरडला. दोन वर्षांत तिच्याशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"तुम्ही विचारलंत, पिकली कुठली. चांगली कुठली, हे कोणी विचारलं?"

मावशीने काप परत फडक्यावर ठेवला.

"प्रिएता डोंगरापलीकडे आहे, माझ्या भाच्याच्या रानात," मावशी शांतपणे म्हणाली. "वरच्या गावच्या काळ्या नरापासून परवाच व्यालीय. असली म्हातारी माऊली सॉसेजात घालायला मी काय वेडी आहे? ती तिथेच राहील. तुम्हाला त्यातली एक मादी देईन."

"काय घेशील?" कासिल्दाने विचारलं.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "ही."

बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं. मग कासिल्दाने मला टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतला.

पिल्लू दूध तुटल्यावर मिळालं. ते एलादियोच्या कुशीत आलं, तेव्हा मावशीने माझा एक काप एलादियोपुढे धरला. "घे आता. प्रिएता नाही तर तिची लेक येतेय गोठ्यात. सुटली तुझी शपथ." त्याने खाल्ला. बराच वेळ चावत राहिला. डोळे पुसले आणि म्हणाला, "मीठ जरा जास्त झालंय."

आता माझं हाडच उरलंय. उद्या सकाळी मावशी माझा रस्सा करणार आहे, हरभरे भिजत घातलेत. माझी हरकत नाही. खिडकीतून एलादियोचा गोठा दिसतो. त्यात ते काळं पिल्लू धडपडत हुंदडतंय. ती माझी बहीण आहे. पाय अगदी माझ्यासारखे, बारीक. ती फार खाईल, थोडी पिल्लं देईल, कोणाचा तरी कान तोडेल. एवढंच सांगते, तिची घाई करू नका.