ताटाबाहेरची शितं

अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरातलं एकही हॉटेल पदमलाल सिवाकोटींच्या पसंतीला उतरत नव्हतं. सून मेनुका नेईल तिथं ते जेवणाआधी गेलेल्यांच्या नावानं चार शितं ताटाबाहेर ठेवत, आणि कुणीतरी लगबगीनं येऊन ती पुसून टाकी. मग म्हाताऱ्याचं जेवणावरचं मनच उडे.

"आता हे शेवटचं," मेनुका म्हणाली. "इथंही नाक मुरडलंत, तर घरी खिचडी गिळा."

वाणसामानाच्या दुकानामागच्या खोलीत पाच टेबलं होती. डाळ, भात, आंबवलेल्या पाल्याचं गुंद्रुक आलं. त्यांनी शितं बाहेर ठेवली आणि मालकीण इंद्रकला फडकं घेऊन हजर झाली.

"पुस," ते गुरगुरले. "तू तरी कशाला मागं राहतेस?"

"जेवा हो गुमान, बाबा," इंद्रकला म्हणाली.

फडक्यानं तिनं सांडलेलं पाणी टिपलं. शितं मात्र बोटांनी उचलून द्रोणात घेतली. मग पुढच्या टेबलावरची घेतली. शितं सगळ्याच टेबलांवर होती.

ती मागच्या दारानं बाहेर गेली, तसे पदमलाल पहिला घास हातात घेऊनच तिच्यामागं गेले. मेनुकाही उठून मागोमाग आली. बाहेर बर्फ होता. तारांवर, पेट्रोल पंपाच्या छपरावर कावळेच कावळे बसले होते, पंगतीत वाढप्याची वाट बघावी तसे गप्प. तिनं द्रोण उपडा करताच सगळे खाली उतरले.

आपली गेलेली माणसं मागं भूतानच्या डोंगरातच राहिली, एवढा समुद्र ओलांडून कोण येतंय, असं म्हातारा इतकी वर्षं म्हणत आला होता.

त्यांनी डाव्या हातानं टोपी सरळ केली.

"मेनुका," ते हळूच म्हणाले, "सगळे आलेत गं."