न्हाणीघरातली ओल

डोंबिवलीत दोन खोल्यांचं घर बांधलं तेव्हा हरिहर गुरुजींनी सगळ्यांत जास्त लाड केले ते न्हाणीघराचे. सारा जन्म चाळीच्या सामायिक मोरीवर अंघोळी उरकलेल्या माणसाला, स्वतःचं दार लावून सावकाश अंगावर पाणी घेण्याचं फार अप्रूप होतं. सुरुवातीला भिंतींना साधा चुना होता. त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात त्यांनी हौसेनं फिकट हिरवा ऑइलपेंट आणला आणि चुन्यावरच दोन हात मारले. भिंत अशी चकाकू लागली की येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आधी न्हाणीघर दाखवत.

श्रावण सरता सरता त्या भिंतीवर फुगे आले. बोटानं दाबलं की आतून पाणी पाझरे आणि रंगाचा पापुद्रा सायीसारखा हातात येई. गुरुजींनी तो खरवडला, उघडीप पाहून पुन्हा रंग दिला. दिवाळीच्या आधी पुन्हा तेच.

घरात माणसं तीनच. गुरुजी, त्यांची बायको सुमती आणि थोरली बहीण मंदाकिनी, म्हणजे अक्का. ती कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी आली होती आणि आई गेल्यावर हरीला तिनंच वाढवलं होतं. तिचं सोवळं कडक. पहाटे अंघोळ झाली की लुगडं धुऊन, कुणाचा हात लागू नये म्हणून न्हाणीघरातच उंच दांडीवर काठीनं वाळत घालायची. दुपारपर्यंत ते ठिबकत असे.

एका रविवारी भिंत खरवडताना गुरुजींच्या मानेवर त्या लुगड्याचा थेंब पडला आणि त्यांना वाटलं, सापडलं कारण. उत्तर आलं की लगेच पाटी पुढे करू नका, आधी ताळा करून बघा, असं वर्गात मुलांना ते रोज सांगत. त्या दिवशी स्वतः मात्र ताळा करायला थांबले नाहीत.

"अक्का, तुझ्या सोवळ्यानं माझी भिंत खाल्ली," ते म्हणाले. सुमती स्वयंपाकघराच्या दारातून खुणा करत होती, तरी पुढे बोललेच, "घर माझ्या घामाचं आहे. त्याची थोडी कणव असू दे."

अक्कानं काठीनं लुगडं खाली घेतलं आणि पुन्हा एकदा घट्ट पिळलं. त्याच आठवड्यात, ठाण्याला चुलतभाऊ विश्रामकडे चार दिवस राहून येते म्हणाली. गेली ती तिथंच राहिली.

दांडी रिकामी झाली. थंडीत गुरुजींनी तिसऱ्यांदा रंग दिला. फुगे आलेच.

मग ते स्टूल घेऊन भिंतीपुढे बसले. फुगे होते ते कमरेच्या खाली. दांडीजवळचा रंग पहिल्या दिवसासारखा चकचकीत. म्हणजे पाणी वरून येतच नव्हतं. ते घराला वळसा घालून मागे गेले. तिथे भिंतीला लागून अळू माजला होता. मोरीचं पाणी फुकट जाऊ नये म्हणून त्यांनीच पन्हळ त्या आळ्यात वळवली होती आणि मातीचा भर जोत्याच्याही वर चढवला होता. कुदळीनं माती ओढली तर आतली भिंत काळीभोर, गच्च ओली. ओल पूर्वीही चढत असणार, पण चुना तिला हळूहळू वाट देत होता. ऑइलपेंटनं ती वाट बुजवली, म्हणून ती रंगालाच आतून ढकलत होती.

सुमती म्हणाली, "अहो, भिंतीचं राहू द्या. आधी अक्कांना घेऊन या."

पण गुरुजींना रिकाम्या हातानं जाववेना. अळू उपटला, पन्हळ लांब नेली, सगळा रंग खरवडून भिंत उन्हाळाभर वाळू दिली, चुना दिला. मगच ते ठाण्याला गेले.

विश्रामच्या अंगणात शिरताच त्यांना अक्काचं लुगडं दिसलं. पोरांच्या चड्ड्या आणि विश्रामच्या सदऱ्यांमध्ये ते एकाच दोरीवर वाळत होतं. एक पोर त्याच्या पदराला नाक पुसून पळालं.

अक्का ओटीवर तांदूळ निवडत होती. गुरुजींनी सगळं सांगितलं. अळू, पन्हळ, चुना. तिचा काही दोष नव्हता, हेही सांगितलं. ती खाली बघून ऐकत राहिली.

"मला वाटलं, खरंच माझ्यामुळे तुझं घर नासतंय," ती म्हणाली. "म्हणून इथे आल्यावर आत वाळत घालणं सोडलं. दुसऱ्याची भिंत कशाला नासवायची? त्यातच सोवळं गेलं ते गेलंच."

"अक्का, घरी चल. पुन्हा दांडी बांधतो."

"नको रे हरी. येईन भाऊबीजेला, परत जाईन. तिथं राहिले तर तांब्या तांब्याला भिंतीकडे बघत बसेन."

तिच्या आवाजात राग असता तर गुरुजींनी पाय धरून काढला असता. राग नव्हता. तिनं सूप बाजूला ठेवलं, जेवायला थांबतोस का, म्हणून विचारलं. आत जाऊन तिनं विश्रामच्या बायकोला हळू आवाजात एक पान वाढवायला सांगितलं, पाहुण्यासाठी.